गर्दीसमोर रंगवताना थांबायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा : "मी ठाण्यात राहतो, नोकरी ऐरोलीला. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केल्यापासून रोज पहाटे बसतो आणि उठल्यावर मनात काहीही न ठरवता अॅक्रिलिकमध्ये रंगवतो. घरी चित्र आपोआप होतं. आता पार्ल्यातल्या एका सांस्कृतिक मंडळाने फेब्रुवारीत मैदानावर, बासरीवादन चालू असताना, दोन तास लोकांसमोर मोठं चित्र काढायला बोलावलंय. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात एकदा असा प्रयत्न केला तेव्हा हात आखडला आणि शेवटी काहीतरी ओळखीचं काढून टाळ्या घेतल्या. आधी तयारी केली तर ते उत्स्फूर्त राहील का? गर्दीत ध्यान टिकतं का? पुढे एखादी भिंतही रंगवायची इच्छा आहे."

गर्दी बघून तुमचा हात आखडला असं मला वाटत नाही. गर्दीमुळे तुमचं थांबणं गेलं आणि थांबणं गेल्यामुळे हात आखडला.

एक प्रयोग करा. घरी रंगवताना मोबाइल मागे ठेवून तासाभराचं रेकॉर्डिंग करा. मग ते बघताना ब्रश कॅनव्हासला प्रत्यक्ष किती वेळ टेकलेला असतो तेवढंच मोजा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे सुरुवातीलाच करायला लावते आणि बहुतेकांना धक्का बसतो. माणूस बराच वेळ नुसता उभा असतो, रंग कालवत असतो, खिडकीपर्यंत जाऊन येतो, चहा गार करतो. तुम्ही म्हणता ते 'आपोआप' याच वेळात घडतं. लोकांसमोर नेमका हाच वेळ कापला जातो. पन्नास माणसं बघताहेत म्हटल्यावर रिकाम्या हाताने उभं राहायची लाज वाटते, म्हणून हात चालू राहतो. आणि सतत चालणारा हात सवयीचंच काढतो : तोच गोल, तोच ओघळ, तीच डावीकडून उजवीकडे जाणारी लाट. शेवटी तेही संपतं आणि मग गणपती, नाहीतर बुद्ध.

तेव्हा तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच कसब आहे. लोकांदेखत काहीही न करता उभं राहता आलं पाहिजे. ते शिकता येतं.

उत्स्फूर्त म्हणजे भराभर, हा समज बराचसा १९५०च्या दशकातल्या फोटोंनी आणि फिल्म्सनी करून दिलेला आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मात्यूने १९५६ साली पॅरिसच्या सारा बर्नहार्ट थिएटरात, भरलेल्या प्रेक्षागृहासमोर चार मीटर उंच आणि बारा मीटर लांब कॅनव्हास रंगवला. वेग हेच त्याचं तत्त्व होतं. विचाराला मध्ये घुसायला फटच ठेवायची नाही, असा त्याचा हिशेब. जपानच्या गुताई या कलावंतांच्या गटातला काझुओ शिरागा दोरीला लोंबकळून पायाने रंगवायचा आणि पुढे तो तेंदाई या बौद्ध पंथाचा भिक्खू झाला. ही माणसं खोटी नव्हती. पण त्यांचे फोटो पाहून जो तो बादली घेऊन कॅनव्हासवर धावत सुटला, त्याचं काय करायचं?

अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकची गोष्ट तर लोकांसमोर रंगवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. छायाचित्रकार हान्स नामुथने १९५० साली त्याचं रंगवणं चित्रित केलं. काचेवर रंग टाकायला लावून खालून कॅमेरा लावला. 'आता थांब', 'आता पुन्हा कर' असं करत ते काम कडाक्याच्या थंडीपर्यंत चाललं. चित्रीकरण संपलं त्या संध्याकाळी, सुमारे दोन वर्षं दारूपासून लांब राहिलेला पोलॉक पुन्हा प्यायला. कारण तेवढंच होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. पण कॅमेऱ्यासाठी परत परत उत्स्फूर्त व्हायचं म्हणजे काय, हे रील शूट केलेल्या कुठल्याही चित्रकाराला विचारा.

दुसरं टोक बघायला परदेशी जायची गरज नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला १९२४ साली जन्मले, वाढले गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली डिप्लोमा घेतला. पुढे वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची कामाची जागा होती. वरखाली रविशंकरांचं संगीत, अल्काझींचं नाटक, आणि हे गृहस्थ आपले गप्प. झेन त्यांनी वाचलं होतं. रमण महर्षी आणि खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांची ओढ त्यांना होती. नंतर ते दिल्लीला निजामुद्दीनला गेले. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास, बस्स. आज त्यांचं नाव घेतलं की लोकांना २०१३ साली मुंबईत ताजमध्ये झालेला त्यांच्या एका चित्राचा लिलाव आठवतो, २३ कोटी ७० लाखांचा. त्या आकड्याने चित्रं बघण्याचं सोडून माणसं दुसरंच बघायला लागली, पण ते असो.

तुमच्या कामाचं आहे ते त्यांचं तंत्र. तैलरंगाचा पातळ थर रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने ओढायचा, ओला असताना कापलेल्या कागदाचे तुकडे दाबून रंग लावायचा किंवा उचलायचा. नंतर बघत बसायचं. पुढचा थर कधी द्यायचा हे आधीचा थर सांगेपर्यंत हात लावायचा नाही. यात अपघात आहे, योगायोग आहे, आणि प्रत्येक अपघातानंतर त्याच्याकडे बघायला दिलेला वेळही आहे. गायतोंडे काही मैदानावर रंगवत नव्हते, दार लावून रंगवत होते. त्यामुळे त्यांच्याकडून दोन तासांच्या कार्यक्रमासाठी काय घ्यायचं असं कुणी विचारेल. प्रमाण घ्यायचं. करणं किती आणि बघणं किती, याचं प्रमाण. दोन तासांत तुमचा ब्रश चाळीस-पन्नास मिनिटं कॅनव्हासवर राहिला तरी पुष्कळ झालं.

आता ध्यानाविषयी. इगतपुरीच्या शिबिरात दहा दिवस वही, पेन, पेन्सिल काही जवळ ठेवू देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या नियमाचा चित्रकाराने जरा विचार करावा. बसणं हे बसण्यासाठी असतं. 'आत्ता जी शांतता वाटतेय ती कॅनव्हासवर उतरवू' असा हिशेब मनात आला की शांततेचं चित्र निघतं : निळसर पार्श्वभूमी, मधोमध एक वर्तुळ, खाली थोडं सोनेरी. हॉटेलच्या लॉबीला ते छान दिसतं, आणि विकलं जातं त्यातही काही गैर नाही. पण तुम्हाला ते नको आहे असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. म्हणून माझा सल्ला असा, की कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे नेहमीसारखं बसा आणि विषय तिथेच सोडा. मैदानावर रंगवण्याआधी डोळे मिटून, हात जोडून, दीर्घ श्वास वगैरे करू नका. लोकांना तो कार्यक्रमाचा भाग वाटतो आणि दोन मिनिटांनी तुम्हालाही तसंच वाटायला लागतं.

गर्दीत ध्यान टिकत नाही. टिकवायचा प्रयत्नही नको. लक्ष जाईल, परत आणायचं. परत आणायला जागा मात्र ठोस लागते. 'मन', 'ऊर्जा', 'प्रवाह' असल्या शब्दांकडे लक्ष परत येत नाही. ब्रश कॅनव्हासला टेकतो त्या रेषेकडे येतं. चार इंची फ्लॅट ब्रश रंगात बुडवून, कडेला एकदा निथळून कॅनव्हासवर ठेवा आणि सावकाश ओढा. पहिला हातभर तो आवाज करत नाही, रंग सपाट बसतो. मग केस किंचित फाकतात, फटकाऱ्याच्या कडेला बारीक रेघा दिसायला लागतात, कॅनव्हासचे दाणे मधूनमधून उघडे पडतात. आणि आवाज येतो, कोरडा, खर्र असा. मैदानावर, लाउडस्पीकरच्या शेजारीसुद्धा तो आवाज हाताला कळतो. तो आला की ब्रश उचलायचा. अजून थोडं ओढलं तर बरं दिसेल असं वाटतं, तिथेच उचलायचा. एवढं केलंत तरी ध्यान म्हणून जे काही तुम्हाला हवं आहे त्यातलं पुष्कळसं हाताशी येईल. जपानी शाईचित्रातलं एका फटकाऱ्याचं वर्तुळ ज्यांनी काढून पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तो कागद शाई पिऊन टाकतो, दुरुस्तीला वाव नसतो, म्हणून लक्ष सगळं टोकावर.

तयारीबद्दल. ख्याल गायला बसणाऱ्याला 'राग आधी ठरवला, मग उत्स्फूर्त कसलं?' असं कुणी विचारत नाही. चित्र आधी ठरवू नका. बाकी सगळं ठरवा, अगदी कंटाळा येईपर्यंत ठरवा.

रंग तीन आणि पांढरा. एक गडद, एक मातकट, एक असा की जो तुम्हाला फारसा आवडत नाही. तिसरा मुद्दाम. आवडते रंग हाताला खुशामत शिकवतात. बारा डबे उघडून बसलात तर तुमचा अर्धा वेळ निवडण्यात जाईल, आणि बघणाऱ्यांना ते बघणं वाटतं, पण ते बघणं नसतं. रंग घरीच मोठ्या डब्यांत दह्याइतके पातळ करून, झाकणं लावून न्या. अॅक्रिलिक ओलं असताना असतं त्यापेक्षा वाळल्यावर गडद होतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण मोठ्या आकारावर तो फरक अंगावर येतो, म्हणून प्रत्येक मिश्रणाचा एक पट्टा कागदावर वाळवून डब्याच्या झाकणाला चिकटवा.

कॅनव्हासचा आकार मंडळाला ठरवू देऊ नका. ते बॅनरच्या मापात विचार करतात. मांडववाल्याकडे प्लायचा सरसकट मिळणारा तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा असतो. तेवढाच कॅनव्हास घ्या आणि तो प्लायवर घट्ट ताणून आडवा उभा करा. मागे आधार नसेल तर रोलर दाबला की मधला भाग आत जातो आणि चौकटीच्या पट्टीची रेघ रंगात उमटते. खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवा. म्हणजे वरची कड साडेसहा फुटांवर येते, हात पोचतो, शिडी लागत नाही. शिडीवर चढलेला माणूस मागे सरकून बघू शकत नाही, हे शिडी टाळण्याचं खरं कारण. मागचा सांगाडा मांडवाच्या बांबूंना बांधून घ्या. फेब्रुवारीत दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, पार्ल्यापर्यंत चांगला जाणवतो, आणि बत्तीस चौरस फुटांचा सपाट पृष्ठभाग तो सहज लोटतो.

याच वाऱ्याने अॅक्रिलिकचा पातळ थर बघता बघता वाळतो. घरी पंखा बंद करून मिळणारी ओल इथे मिळणार नाही. पाण्याची स्प्रे बाटली जवळ असू द्या. रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा वाळावा म्हणून घालतात ते द्रव्य, घालायचा असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला, जास्त झाला की थर चिकट राहतो आणि मैदानावरची धूळ त्यावर कायमची बसते. दोन बादल्या, एक घाण पाण्याची, एक स्वच्छ. जुन्या सुती साड्यांचे तुकडे भरपूर. रंग पुसणं हाही रंगवण्याचाच भाग आहे, आणि लोकांना पुसलेलं फार आवडतं, का कोण जाणे.

उजेडाचं मंडळाशी आजच बोला. कार्यक्रम पाच ते सात ठेवला असेल तर मधेच, साडेसहा-पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळेल आणि कुणीतरी पिवळा हॅलोजन लावेल. पिवळ्या उजेडात निळा मेल्यासारखा दिसतो, फिकट पिवळा आणि पांढरा एकमेकांत मिसळून जातात. तासभर ज्या चित्राशी बोलत होतात ते चित्र समोरून उठून जातं आणि दुसरंच येऊन बसतं. साडेचारला सुरू करून साडेसहाला संपवा, नाहीतर सगळाच कार्यक्रम दिव्यांत करा आणि दिवे पांढरे मागा. मधलं काही नको.

आणि हो, प्रमुख पाहुणे. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की पहिला फटकारा कुणाच्या तरी शुभहस्ते असतो. भांडू नका. त्यांच्या हातात सगळ्यात रुंद ब्रश आणि सगळ्यात पातळ मातकट रंग द्या, सांगा की 'कुठेही, कितीही'. तो तुमचा बेस. कोऱ्या कॅनव्हासची भीती त्यांनी घालवलेली असते आणि पहिली खूण तुमची नसल्यामुळे तुम्हाला सुरुवातीलाच थांबून, बघून उत्तर द्यावं लागतं. मी तर पाहुणे नसतील तर पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला बोलावते.

बासरीचं मला थोडं अवघड वाटतं. संगीत आणि चित्राची जुगलबंदी हल्ली फार होते आणि बहुतेक वेळा चित्रकार तालाचा नोकर होतो. विलंबित चालू असताना मोठे हात, द्रुत सुरू झाली की ठिपके आणि शिंतोडे, तिहाईच्या समेवर शेवटचा फटकारा, टाळ्या. हमखास जमतं, म्हणूनच करू नका. वादकाला आधी भेटा. त्याला सांगा की तो तुमच्याकडे बघून वाजवणार नाही आणि तुम्ही त्याच्या तालावर रंगवणार नाही. आलाप सुरू होईल तेव्हा तुम्ही ब्रश न घेता उभे राहा आणि ऐका. लोकही ऐकतील. दोन तासांतला तुमचा पहिला थांबा असा फुकटात मिळतो. तबला चढायला लागला की ब्रश बादलीत. हात पळायला लागेल तेव्हा पळू द्यायचं नाही, एवढाच नियम. द्रुत संपल्यावर पुन्हा घ्या.

थांबण्याची युक्ती सांगते. कॅनव्हासपासून दहा-बारा फुटांवर जमिनीवर खडूने फुली मारून ठेवा, शक्यतो प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतच. प्रत्येक वेळी मागे जायचं ते त्या फुलीपर्यंत, आणि जाण्याआधी ब्रश पाण्यात ठेवूनच. हातात ब्रश असला की पाय मागे जातात पण डोळे जात नाहीत. फुलीवर पोचलात की तुम्ही लोकांमध्ये, त्यांच्यासारखंच कॅनव्हासकडे तोंड करून उभे असता. अचानक तुम्ही बघणाऱ्यांपैकी एक होता. शेजारचे आजोबा कॅनव्हासकडे बघायला लागतात, कारण तुम्ही बघताय. रिकामं उभं राहण्याची लाज तिथे उरत नाही. मी हे जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर पोर्ट्रेट काढणाऱ्यांना बघून बघून घडवलं. ती माणसं पाठ भिंतीकडे करून बसतात, खांद्यावरून कुणी डोकावणार नाही अशी. आणि मधेच पेन्सिल बाजूला ठेवून समोरच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघतात की गिऱ्हाईक चुळबुळायला लागतं. कागदावर उरतं ते त्या बघण्यातून. मुंबईत गर्दीसमोर रंगवण्याचा रियाज त्यांच्याइतका कुणाचा नाही, आणि कलेच्या चर्चेत त्यांचं नाव कुणी घेत नाही.

तुम्हीही आतापासून बाहेर बसा. दादरच्या फुलबाजारात पहाटे, बाणगंगेच्या पायऱ्यांवर रविवारी, फास्ट लोकलमध्ये जागा मिळाली तर तिथे. छोटी वही, बोरू आणि शाई. चित्र चांगलं यावं म्हणून नाही. लोक मागे उभे असताना हात खाली ठेवायची सवय व्हावी म्हणून. काळा घोड्याचा महोत्सव १९९९पासून होतो, नऊ दिवस चालतो, आणि तोही फेब्रुवारीच्याच सुमारास असतो. एक संध्याकाळ तिथल्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर काढा आणि चित्रापेक्षा चित्रकारांचे पाय बघा. कोण मागे सरकतंय, कोण कॅनव्हासला चिकटलंय, लगेच कळतं.

लोक प्रश्न विचारणार. 'काय काढताय?' याला 'अजून कळायचंय' हे उत्तर मला चालतं, कारण ते खरं असतं. 'किती वेळ लागेल?' याला खरी वेळ सांगा. 'हे माझा मुलगापण काढेल' याला हसा आणि मुलाला बोलवा. मी बाई असल्याने सल्ले जरा जास्त मिळतात : इथे थोडा लाल द्या, तिथे सूर्य काढा. एखादा सल्ला खरंच चांगला असतो. पण तो फुलीवर उभं असताना ऐकायचा, ब्रश हातात असताना नाही. लहान मुलांचं मात्र कधीही ऐका, ती सरळ विचारतात की हा कोपरा रिकामा का ठेवला, आणि उत्तर शोधताना तुमचं काम होऊन जातं.

तासाभराने एक धोका येतो, तुमच्या सोसायटीत आला तोच. कॅनव्हासवर डाग, ओघळ, थर जमलेले असतात आणि गर्दीतून आवाज येतो, 'अरे, सोंड दिसतेय!' तिथून दोन रेघांत गणपती होतो. गणपतीशी माझं वाकडं नाही. ठरवून काढायचा तर मनापासून काढावा. पण इथे तो चित्रातून सुटण्यासाठी येतो. त्या क्षणी फुलीवर जा आणि सोंड दिसते त्याच जागी रोलरने पातळ पांढरा फिरवा. 'ओह' असा आवाज येईल. तो टाळ्यांइतका गोड नसतो, पण त्यानंतर गर्दी खरी बघायला लागते. पुढे काय होणार हे आता कुणालाच माहीत नसतं.

संपवायचं कधी, हा सगळ्यात कठीण भाग, आणि याचं उत्तर आपल्याकडे रस्त्यावरच पडलेलं आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेआधी गिरगावात संस्कार भारतीच्या रांगोळ्या घालतात तेव्हा जाऊन उभे राहा. खडूला दोरी बांधून वर्तुळ आखतात, चाळणीने रंगाचा सपाट थर देतात, मग मुठीत पांढरी रांगोळी घेऊन बोटांच्या फटीतून जाड रेघ सोडत मागे मागे सरकतात. रेघ मधेच तुटली तर जोड दिसतो, म्हणून प्रत्येक रेघेआधी मूठ क्षणभर हवेत थांबते. आणि शेवट त्यांच्या हातात नसतोच. यात्रा निघाली की उठायचं, संध्याकाळपर्यंत पावलांनी सगळं पुसलेलं. वारली लग्नघरातही चौक सवाशिणी घालतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात असते, घर माणसांनी भरलेलं असतं. लोकांसमोर चित्र काढणं ही कालपरवाची फॅशन नाही. चित्रकार एम. एफ. हुसेननी तर १९९२ साली कलकत्त्यात लोकांसमोर देवींची चित्रं काढून शेवटी स्वतःच त्यांवर पांढरा रंग फिरवला. ते त्यांनाच शोभलं, तुम्ही आम्ही करायला गेलो तर आव वाटेल.

तुम्ही शेवट घड्याळावर सोपवा. मित्राला सांगून ठेवा की साडेसहाला पंधरा मिनिटं असताना बादल्या उचलायच्या. फक्त ब्रश नाही, बादल्या. उरलेला वेळ फुलीवर उभं राहून बघायचं. त्यात एखादी जागा ओरडून बोलावेल, जाऊ नका. जे अर्धं राहिलं ते अर्धं. घरी नेल्यावर पुढे रंगवलंत तर ते दुसरं चित्र, तेही चालतं, पण लोकांनी पाहिलेलं चित्र त्या वेळी संपलं.

भिंतीचं थोडक्यात, कारण तो वेगळाच व्यवहार आहे. मुंबईत रिकामी भिंत नसते, प्रत्येकीला मालक असतो : सोसायटी, महापालिका, रेल्वे, ट्रस्ट. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे आणि तो 'सुंदर' चित्राला सूट देत नाही, तेव्हा लेखी परवानगी घेतल्याशिवाय डबा उघडू नका. तुळशी पाईप रोडची भिंत २००९ साली शेकडो नागरिकांनी रंगवली तीही पालिकेच्या संमतीने. काम पावसाळा संपून भिंत पुरती वाळल्यावरच, दिवाळीनंतर. लोणा फुटलेला असेल तर आधी खरवडून ओल कुठून येते ते शोधा, वर कितीही महाग एक्स्टिरियर इमल्शन लावलंत तरी पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. भिंतीवर दोन तासांची घाई नसते, रोज संध्याकाळी समोरच्या टपरीवर चहा घेत बघता येतं. तुमच्या स्वभावाला मैदानापेक्षा भिंत जास्त मानवेल असा माझा अंदाज आहे.

जाण्याआधी मंडळाकडून तीन गोष्टी कागदावर घ्या. मानधन किती आणि कधी. कॅनव्हास, प्लाय, रंग यांचा खर्च मानधनात धरलाय की वेगळा. आणि चित्र कोणाचं. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक उत्साहात लिलाव जाहीर करतात, तेव्हा 'नाही' म्हणणं फार अवघड जातं. चित्र तुमचंच राहणार असेल तर टेम्पोही आधीच सांगून ठेवा, आठ फुटांचा प्लाय रिक्षात मावत नाही. आणि निदान रात्रभर वाळल्याशिवाय त्यावर प्लॅस्टिक गुंडाळू देऊ नका.